घरातली जुनी जपानी तलवार: खरी का खोटी, आणि किंमत किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: मुठीच्या आतला गंज घासू नका, पातं कुणाकडून पाजवून घेऊ नका आणि कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचा. बाकीचं खाली आहे.

पणजोबा फौजेत होते, त्यांनी दुसऱ्या महायुद्धातून जपानी तलवार आणली असं घरात सांगतात. खरं असू शकतं का?

अगदी असू शकतं. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा बर्मा, मलाया, सिंगापूर सगळीकडे जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी जमा केल्या आणि त्यातल्या कितीतरी ब्रिटिश आणि भारतीय पलटणींमधल्या लोकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. शिवाय १९४६-४७ मध्ये खुद्द जपानात जी भारतीय २६८ वी ब्रिगेड तैनात होती, जिचं नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्यांकडे (पुढे आपले लष्करप्रमुख) होतं, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. त्यामुळे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे एखाद्या माळ्यावर जपानी तलवार निघाली तर मला काही नवल वाटत नाही.

पण "जपानी आहे" आणि "सामुराईची आहे" यात फार अंतर आहे. युद्धातून आलेल्या तलवारी साधारण तीन जातीच्या. एक, हाताखालच्या हुद्देदारांना सरकारने वाटलेल्या, कारखान्यात मशीनवर निघालेल्या. दोन, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या, बहुतेक त्याच काळात घाऊक बनवलेल्या. आणि तीन, घराण्यातलं जुनं पातं फौजी मुठीत आणि म्यानात बसवून नेलेलं. बाहेरून दुसरी आणि तिसरी जात सारखीच दिसते, आणि लोक फसतात ते इथेच, कधी जास्त समजून आणि कधी कमी समजूनही.

मग बाहेरून काहीच कळत नाही का?

थोडं कळतं. मूठ ओतीव धातूची असेल, म्हणजे दोरी गुंडाळल्यासारखी नुसती नक्षी असेल आणि वर रंग असेल, आणि पात्यावर मुठीजवळ आकड्यांत सिरीयल नंबर ठोकलेला असेल, तर ती १९३५ च्या मॉडेलची हुद्देदाराची तलवार, टाइप ९५. पातं मशीनचं. तरी टाकाऊ नव्हे बरं का, युद्धकाळातल्या वस्तू जमवणारे लोक ती घेतात, आणि पात्यावरचा नंबर म्यानावरच्या नंबराशी जुळत असेल तर जास्त आनंदाने घेतात.

खरी दोरी, तिच्याखाली खरखरीत पांढरी माशाची कातडी, ढालीवर (म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या चकतीवर) चेरीची फुलं असतील तर ती अधिकाऱ्याची, १९३४ किंवा १९३८ च्या नमुन्याची. यापुढे मूठ काढल्याशिवाय कुणी काहीही सांगत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय.

मूठ काढायची कशी? तुटणार नाही ना?

नीट केलं तर नाही. मुठीत एक छोटी बांबूची खुंटी आरपार असते, तिला मेकुगी म्हणतात. ती एका बाजूला किंचित बारीक असते, त्या बारीक बाजूने लाकडाची किंवा पितळेची बोथट काडी लावून हलकेच ठोकायची, दुसऱ्या बाजूने बाहेर येते. फौजी मुठीत कधी दोन खुंट्या असतात, कधी खुंटीच्या जागी स्क्रू असतो, आधी बघून घ्या. मग म्यानातून पातं बाहेर काढून धार स्वतःपासून लांब ठेवून उभं तिरकं धरायचं, डाव्या हाताने मूठ अगदी टोकाशी पकडायची आणि उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर हलके ठोके द्यायचे, की पातं आतून सुटून वर सरकायला लागतं. सैल झालं की पात्याच्या बुडाशी, ढालीच्या लगेच वर असलेला धातूचा पट्टा धरून बाहेर काढा. वर्षानुवर्षं अडकलेली असेल आणि निघतच नसेल तर सोडून द्या. हातोडी, पाना, तेल ओतून रात्रभर ठेवणं असले उद्योग नकोत, जुनी लाकडी मूठ चिरते आणि तीही किमतीचा भाग आहे.

निघाल्यावर जे दिसतं ते नाकागो, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. तलवारीची सगळी कुंडली इथे असते.

नाकागो गंजून काळा झालाय. चिंच, लिंबू, पॉलिश पेपरने साफ करू का? अक्षरं नीट दिसतील.

नाही! हात जोडून सांगतो, नाही. तो गंज म्हणजे घाण नसून वयाचा पुरावा आहे. जपानात तलवार बनवणारा नाकागो मुद्दाम तसाच ठेवतो, पॉलिश करणाराही त्याला हात लावत नाही, आणि चारशे-पाचशे वर्षांत त्यावर एकसारखा, गडद चॉकलेटी-काळा, बोटाला गुळगुळीत लागणारा थर बसतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या पात्याचा नाकागो त्यामानाने करडा, कानशीचे फराटे अजून तीक्ष्ण. ओलसर जागी पडलेल्याचा लालसर, खवलेदार तांबेरा वेगळा. आणि मुद्दाम ॲसिड लावून जुना केलेला सगळीकडे सारखा काळपट, खड्डे पडलेला, अक्षरांच्या आत आणि बाहेर एकाच रंगाचा. हा फरक वाचूनच तज्ज्ञ वय सांगतात. घासलात की सांगायला काही उरलं नाही, आणि ते परत आणता येत नाही. घासलेल्या नाकागोची तलवार बाजारात थेट खालच्या रांगेत जाऊन बसते.

अक्षरं दिसत नसतील तर खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा आणि फोटो काढा, सगळं उठून दिसतं.

नाकागोवर छोटे शिक्के आहेत. त्यांचा अर्थ?

एका बारक्या गोलात किंवा चौकटीत "शोवा" किंवा "सेकी" अशा अक्षरांचा शिक्का असेल तर साधारणपणे ते युद्धकाळातलं घाऊक पातं, पारंपरिक पोलादाचं नाही, बहुतेक तेलात पाणी दिलेलं, म्हणजे तापवून पाण्याऐवजी तेलात थंड केलेलं. यांना शोवा-तो म्हणतात. सेकी म्हणजे गिफू प्रांतातलं गाव, तिथे पूर्वीपासून घरोघरी तलवारी, आज सुऱ्या-कात्र्या. चांदणीचा शिक्का मात्र वेगळा, तो सैन्याने नेमलेल्या पारंपरिक कारागिरांचा, आणि त्यांचं काम चांगलं मानलं जातं. नाकागोच्या पाठीवर ठोकलेले किंवा रंगाने लिहिलेले आकडे मूठ-म्यान जुळवण्यासाठी असायचे, त्यावरून किंमत ठरवू नका.

नाव कोरलंय! कुणीतरी वाचून सांगितलं की मासामुने आहे. आम्ही करोडपती झालो का?

नाही झालात. मासामुने तेराव्या-चौदाव्या शतकाच्या वळणावरचा, कामाकुराचा, सगळ्यात मोठं नाव, आणि त्याने स्वतः सही केलेली पाती जगात अगदी मोजकी, तीही कट्यारीएवढी लहान. त्यामुळे लांब तलवारीवर ठळक "मासामुने" कोरलेलं दिसलं तर ती त्याची नाही असं धरूनच सुरुवात करायची.

खोट्या सहीला गिमेई म्हणतात आणि ती काही आजची भानगड नाही, एदो काळातच (१६०३ ते १८६८) जोरात होती. मोठ्या माणसाला भेट द्यायची तर मोठ्या नावाची तलवार हवी, आणि तेवढ्या तलवारी कुठून आणणार, मग नावं कोरली जायची. सतराव्या शतकातला नागासोने कोतेत्सु तर इतका नकललेला की जपानात कोतेत्सुची सही दिसली की आधी खोटी समजा असंच म्हणतात. आपल्याकडेही हे होतंच की, फिरंगी तलवारींची विलायती पाती भाव खात होती तेव्हा इथल्या पात्यांवर विलायती खुणा उमटवल्या जायच्या.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गिमेई असली म्हणून तलवार नकली होत नाही, पातं चारशे वर्षं जुनं आणि फार सुंदर असू शकतं, खोटं फक्त नाव. म्हणूनच जाणकार आधी पात्याचा बाक, टोक, पोलादाचा पोत आणि पाण्याची रेघ (धारेजवळची नागमोडी पांढरी रेघ) बघून काळ आणि घराणं ठरवतात, आणि मग सही त्याच्याशी जुळते का ते तपासतात. उलटं केलं की माणूस नावाच्या प्रेमात पडतो आणि पुढचं काही दिसत नाही.

सही कुठल्या बाजूला आहे याने फरक पडतो का?

पडतो. टोक वर करून धरा आणि सहीची बाजू समोर ठेवा. धार डावीकडे आली तर कताना, म्हणजे कमरेला धार वर ठेवून खोचायची, आणि धार उजवीकडे आली तर साधारणपणे जुन्या पद्धतीची ताची, धार खाली ठेवून लटकवायची. दोन्हीत सही अंगाच्या बाहेरच्या बाजूला येते. थोडे कारागीर मुद्दाम उलट करायचे, पण तेही त्यांची ओळखच झालं.

मागच्या बाजूला तारीख असू शकते. जुन्या तलवारींवर ती बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर आठव्या महिन्याची असते, त्यामुळे एकाच महिन्यात एवढ्या तलवारी कशा म्हणून संशय घेऊ नका, तो रिवाज होता. मोबाइलवरच्या भाषांतर ॲपवर मात्र विसंबू नका, छिन्नीने कोरलेली अक्षरं त्यांना धड लागत नाहीत.

सहीच नाहीये. म्हणजे नकली?

अजिबात नाही. लांब ताची नंतरच्या काळात कापून आखूड केल्या गेल्या, आणि कापायच्या त्या नेहमी नाकागोच्या बाजूने, टोकाकडून नाही, म्हणजे सही आपोआप गेली. खुंटीची जास्त भोकं, सरळ छाटलेलं शेपूट, वरपर्यंत चढलेला गंज अशा खुणा दिसतात. उत्तम दर्जाच्या कितीतरी तलवारी अशा बिनसहीच्या आहेत. खोट्या मोठ्या नावापेक्षा बिनसही पातं केव्हाही बरं.

ती नागमोडी पांढरी रेघ खरी आहे की ॲसिडची, घरी कळेल का?

बऱ्यापैकी कळेल. ती रेघ, हामोन, कशी होते ते आधी. पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग तापवून पाण्यात बुडवतात. धारेचा भाग झटकन थंड होऊन कडक होतो, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि दोघांच्या सीमेवर पोलादाचे कण वेगळे दिसतात.

ट्यूबलाइट बंद करा, एकच पिवळा बल्ब ठेवा, पातं जवळजवळ बल्बच्या दिशेने धरून हळूहळू फिरवत बघा. खऱ्या हामोनची सीमा धुक्यासारखी दिसते, तिच्यात चकचकीत बारीक कण असतात, डोळ्यांना सुटे दिसले तर निए, न दिसता नुसतं धुकं असेल तर निओई, आणि कोन बदलला की कधी दिसते कधी लपते. टोकाकडे गेलात की ती टोकातही वळून पाठीकडे येते, त्याला बोशी म्हणतात, आणि तिथे रेघ गायब असेल तर टोक तुटून नवं घडवलेलं असू शकतं. ॲसिडची किंवा तारेच्या ब्रशने काढलेली रेघ कुठूनही बघा, सारखीच पांढरी, सपाट, मेलेली. भिंग लावलं तर बारीक ओरखडे दिसतात.

ऑनलाइन दिसणाऱ्या "अँटिक सामुराई" तलवारी?

बहुतेक आजच्या, त्यातही चीनमधल्या खूप. दमास्कससारखी ढोबळ लाटा-लाटांची नक्षी लांबूनही दिसत असेल, पितळी फिटिंगवर ड्रॅगनच ड्रॅगन असतील, दोरी सैल आणि दोरीचे चौकोन वेडेवाकडे असतील तर पुढे जाऊ नका. खऱ्या घडीव पात्याचा पोत, हादा, नाजूक असतो, लाकडाच्या रेषांसारखा, आणि चांगलं पॉलिश असेल तरच दिसतो. फौजी तलवारींच्या नकलाही भरपूर आहेत, त्यांत नंबराचे आकडे एकसारख्या खोलीचे आणि वेडेवाकडे, आणि पात्यावर कुठेतरी उगाच मोठी घोषणा कोरलेली.

जपानी तलवारीच्या पात्यात भूमिती फार काटेकोर असते. पाठीपासून टोकापर्यंत नजर लावून बघा, मधली कड, शिनोगी, एकही ठिकाणी डगमगत नाही. नकलेत ती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली असते.

कुठला दोष किंमत संपवतो?

सगळ्यात वाईट हागिरे, म्हणजे धारेतून आडवी वर गेलेली केसाएवढी चीर. ती असली की तलवार म्हणून खेळ संपला, कितीही मोठं नाव असो. आगीत सापडून पाणी उतरलेली आणि पुन्हा पाणी दिलेली पातीही बरीच खाली येतात, काही ऐतिहासिक महत्त्वाची सोडून. घडीच्या उघड्या शिवणी, फुगे, फार पाजवून पातळ झालेलं आणि आतलं मऊ पोलाद बाहेर आलेलं पातं, यांनी किंमत घटते पण संपत नाही. धारेचे छोटे खड्डे आणि वरचा गंज ही त्यामानाने किरकोळ गोष्ट, पण ती कुणी दुरुस्त करायची हे खाली वाचा.

सर्टिफिकेट कोण देतं?

जपानात मुख्य नाव एनबीटीएचके, १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था, टोकियोत र्योगोकुला तलवारींचं म्युझियम चालवते. टोकियोत राहणारी आपली बरीच मंडळी निशिकासाईकडे आहेत, त्यांना ते एका दुपारचं काम आहे, आणि शंभर फोटो बघण्यापेक्षा काचेआडच्या दहा खऱ्या तलवारी बघितल्या की नजर जास्त तयार होते.

त्यांच्या चार पायऱ्या: होझोन, तोकुबेत्सु होझोन, ज्युयो आणि तोकुबेत्सु ज्युयो. सही खोटी ठरली तर कागद मिळत नाही. १९८२ च्या आधीचे जुने कागदही बाजारात फिरतात, त्यांतल्या काही हिरव्या कागदांवर आज कुणी डोळे झाकून भरवसा ठेवत नाही, डीलर "पेपर आहे" म्हणाला तर कुठला आणि कुठल्या सालचा ते विचारा. एनटीएचके ही दुसरी संस्था, १९१० ची.

आणि एक घोळ नेहमी होतो. जपानी तलवारीबरोबर येणारं तोरोकुशो म्हणजे फक्त सरकारी नोंदणी, ते अस्सलपणाचं प्रमाणपत्र नव्हे. त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या आणि सही काय वाचली तेवढंच असतं. सही खरी आहे असं ते कुठेही म्हणत नाही, विकणारे मात्र तसं भासवतात.

कार्बन डेटिंग? कागद कापून बघू? लोहचुंबक?

तिन्ही नको. पहिल्यासाठी पात्याचा तुकडा काढावा लागेल, दुसऱ्याने फक्त धार आहे एवढं कळतं, तिसऱ्याने लोखंड आहे एवढं.

बरं, आता किंमत सांगा की.

फोटो न बघता आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा, पण कशावर ठरते ते सांगतो. कारागीर कोण, पातं कुठल्या काळातलं, अवस्था कशी, नाकागो मूळ लांबीचा की कापलेला, कागद कुठले, आणि लांबी. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, बाकावरून टेप फिरवत नाहीत. ६०.६ सेंटिमीटरच्या वर कताना, ३०.३ ते ६०.६ वाकिझाशी, त्याखाली तांतो. त्याच कारागिराची, त्याच दर्जाची वाकिझाशी कतानापेक्षा बरीच स्वस्त जाते, निव्वळ लांबीमुळे, मला हे कायम अन्यायाचं वाटतं पण बाजार ऐकत नाही.

जपानी डीलरांकडे ढोबळ मानाने कागदवाली साधी वाकिझाशी काही लाख येनला दिसते, कताना त्याच्या वर, आणि ज्युयो पायरीची काही दशलक्ष येनला. पण हे दुकानातले, पॉलिश केलेले, कागद असलेले भाव. तुमच्या माळ्यावरच्या गंजक्या तलवारीतून पॉलिशचा, कागदाचा आणि डीलरच्या नफ्याचा खर्च वजा करा, मग जो राहील तो तुमचा. आणि जुनं म्हणजे महाग हेही खरं नाही. सोळाव्या शतकात लढाया इतक्या होत्या की पायदळासाठी ढिगाने स्वस्त पाती निघाली, ती पाचशे वर्षं जुनी असूनही सामान्यच आहेत, उलट १८०० नंतरच्या एखाद्या उत्तम कारागिराचं पातं त्यांच्या कित्येक पट जातं.

ढाल, म्हणजे त्सुबा, आणि मुठीवरच्या छोट्या धातूच्या आकृत्या वेगळ्या तपासून घ्या. कधीकधी त्या पात्यापेक्षा भारी निघतात.

पॉलिश करून घेतली तर किंमत वाढेल ना? आमच्याकडे चांगला धारवाला आहे.

धारवाल्याकडे तर नेऊच नका. त्याचा दगड दोन मिनिटांत शिनोगीची कड आणि टोकाची रेघ खाऊन टाकतो. प्रशिक्षित जपानी पॉलिशर, तोगिशी, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर हाताने काम करतो, दर पात्याच्या लांबीवर लागतो, रांग लांब असते आणि बिल भारतीय रुपयांत सहज लाखांत जातं. शोवा-तोवर एवढा खर्च कधीच वसूल होत नाही. आधी जाणकाराकडून पात्याचा एक छोटासा तुकडाभर भागच पॉलिश करून घेतात (याला खिडकी उघडणं म्हणतात), आत काय आहे ते बघतात, मग ठरवतात. आणि प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद कमी होतं, ते भरून येत नाही.

भारतात ठेवायला, विकायला, बाहेर पाठवायला कायदा काय?

तलवारी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात, आणि परवान्याचे नियम जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा कलेक्टर कचेरीत लेखी विचारून घ्या. कुरिअरने तलवारी मागवणाऱ्यांवर महाराष्ट्रात कारवाया झालेल्या आहेत, त्यामुळे ऑनलाइन खरेदीची हौस जपून.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे जुनं पातं टोकियोला कागदांसाठी पाठवू म्हणालात तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्यांना हे सोपं पडतं, पण तिथले स्थानिक नियम बघा.

घरी सांभाळायची कशी? खंडेनवमीला पूजेत ठेवतो.

ठेवा की, पण हळदकुंकू पात्याला लावू नका, म्यानासमोर वाहा. ओलं कुंकू रात्रभर राहिलं तर डाग पडतो. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामाचा ठसा आठवड्यात गंज होतो आणि कोकणच्या पावसाळ्यात त्याहून लवकर. मऊ सुती कापडाने जुनं तेल पुसा, मग लवंगेच्या तेलाचा सुवास असलेलं तलवारीचं चोजी तेल मिळालं तर ते, नाहीतर शिलाई मशीनचं शुद्ध तेल, अगदी पुसट हात. तेलाचा थेंब दिसला म्हणजे जास्त झालं. म्यानात धार वर करून आडवी ठेवा, भिंतीला उभी नको.

मुठीला एक जुनी चिठ्ठी बांधलेली आहे, जपानी अक्षरं आहेत.

तोडू नका! शरणागतीच्या वेळी तलवारींना मालकाच्या नाव-हुद्द्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या असायच्या. त्याने इतिहास आणि किंमत दोन्ही वाढतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि चिठ्ठी मूठ काढायच्या आधी सोडवून वेगळ्या पाकिटात ठेवा.

काही जण ती त्या कुटुंबाला परत द्यायची म्हणतात, मनापासून चांगला विचार आहे, फक्त आधी पातं कुठलं ते बघा. जपानच्या कायद्यात फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीची नोंदणी होते, शोवा-तो तिथे नोंदवता येत नाही आणि पोहोचली तरी जप्त होऊन नष्ट केली जाऊ शकते. अशा वेळी चिठ्ठी आणि फोटो पाठवा, तलवार इथेच राहू द्या.